कोलफॅक्स १८७३ : मारेकरी, पाठीराखे आणि न्यायालय

जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' १८७३ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाले. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी ते अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्रातिशूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. ही अर्पणपत्रिका आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ठाऊक नसते ते हे की, ते पुस्तक बाहेर येण्याच्या सातच आठवडे आधी त्याच अमेरिकेत, लुईझियाना राज्यातील कोलफॅक्स नावाच्या नदीकाठच्या वस्तीत, मुक्त झालेल्या काळ्या माणसांची सामुदायिक कत्तल झाली होती. जोतीरावांचे यात काही चुकले असे मी सुचवीत नाही. त्यांनी गौरव केला तो गुलामगिरीविरुद्ध लढलेल्यांचा, आणि तो रास्तच होता. परंतु गुलामगिरी कायद्याने संपल्यावर मालकवर्ग काय करतो, आणि त्याने जे केले त्याचा जाब विचारायला गेले की राज्ययंत्रणा कशी वागते, हा पुढला अध्याय आपण वाचलेला नाही. तो वाचल्यावाचून १९७८ चा मराठवाडा किंवा २००६ ची खैरलांजी आपल्याला पुरती कळणार नाही, असे माझे मत आहे.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले. त्यानंतरच्या पाच वर्षांत घटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी गेली. चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले. पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) वंश-वर्णावरून मताचा हक्क नाकारण्यास बंदी केली. काल जो माणूस बाजारात विकला जात होता तो आज मतपेटीपाशी उभा राहिला. दक्षिणेतल्या राज्यांत या नव्या मतदारांच्या बळावर लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाची सरकारे आली. (त्या काळी गुलामांच्या बाजूचा पक्ष तो होता, आजच्या नावांवरून गोंधळ करून घेऊ नये.) जुन्या मळेवाल्यांना कापूस वेचायला हात हवे होते, मत द्यायला उठलेले हात नको होते. कू क्लक्स क्लॅन आणि तिच्या भावकीतल्या गुप्त सेना या गरजेतून उभ्या राहिल्या. त्यांचा वंशद्वेष खरा होता, पण त्याला दिशा होती. मारायचे कोणाला? ज्याने जमीन घेतली त्याला, जो सभा भरवतो त्याला, जो पोरांना शाळेत घालतो त्याला.

लुईझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात. ग्रँट पॅरिश १८६९ मध्ये नव्याने निर्माण झाली. तिला अध्यक्ष ग्रँटचे नाव आणि तिच्या मुख्य ठाण्याला उपाध्यक्ष कोलफॅक्सचे नाव देण्यात आले. कचेरी म्हणजे एका मळ्यावरचा जुना तबेला डागडुजी करून उभा केलेला. १८७२ च्या निवडणुकीत राज्यात दोन्ही पक्षांनी विजयाचा दावा केला. दोन गव्हर्नरांनी शपथा घेतल्या आणि प्रत्येक पॅरिशमध्ये दोन-दोन शेरीफ, दोन-दोन न्यायाधीश झाले. संघराज्य सरकारने रिपब्लिकन केलॉगला गव्हर्नर मानले. मार्च १८७३ च्या अखेरीस कोलफॅक्समधील रिपब्लिकनांनी कचेरीचा ताबा घेतला, आणि ती राखायला आसपासचे काळे शेतकरी जमले. त्यांच्यात यादवी युद्धात लढलेले जुने शिपाई होते. ५ एप्रिलला जेसी मॅक्किनी नावाचा काळा शेतकरी आपल्या कुंपणाचे काम करीत असता गोऱ्या स्वारांनी त्याला गोळी घातली. त्याबरोबर रानातली कुटुंबेच्या कुटुंबे, बायकापोरांसह, कचेरीच्या आश्रयाला आली. त्यांनी भोवती चर खणले, पाइपचे तुकडे जोडून तोफा करण्याचीही खटपट केली. त्या तोफा काही उपयोगाला आल्या नाहीत.

१३ एप्रिलला ईस्टरचा रविवार होता. शेरीफपदाचा दुसरा दावेदार ख्रिस्तोफर कोलंबस नॅश दीडशेच्या आसपास हत्यारबंद गोरे आणि एक छोटी तोफ घेऊन आला. (नाव योगायोगाचे खरे, पण इतिहासाला कधी कधी विनोदबुद्धी असते.) बायकापोरांना निघून जायला त्याने अर्धा तास दिला. दुपारी लढाई सुरू झाली. तोफ बाजूने आणून चरांतल्या लोकांवर मारा केला तेव्हा फळी फुटली. काही नदीकडे पळाले, काही कचेरीत शिरले. पकडलेल्या एका काळ्या माणसालाच पुढे करून त्याच्याकडून छपराला आग लावण्यात आली. आतल्यांनी पांढरे निशाण दाखवले. त्या क्षणी कोणी कोणावर गोळी झाडली यावर पुढे पुष्कळ वाद झाला. एक गोरा पुढारी पडला एवढे खरे. बाहेर येणारे मारले गेले. पण माझ्या मते या दिवसाचा खरा अर्थ लढाईत नाही, रात्रीत आहे. संध्याकाळपर्यंत लढाई संपली होती आणि तीस-चाळीस निःशस्त्र कैदी हाती होते. रात्री त्यांना जोडीजोडीने बाहेर नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. गोरे मेले तीन. काळे किती मेले याचा निश्चित आकडा कधीच ठरला नाही. अंदाज साठ-बासष्टापासून दीडशेपर्यंत जातात. मेलेल्यांची मोजदाद न होणे हीसुद्धा सत्तेचीच एक खूण आहे.

या प्रकाराला लुईझियानाने नाव दिले 'कोलफॅक्सची दंगल'. दंगल या शब्दात दोन बाजू गृहीत असतात, दोघांचेही थोडे चुकलेले असते, आणि नंतर शांतता समिती नेमायची असते. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावोगावी दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. त्यालाही आपल्या वर्तमानपत्रांनी आणि पुढे आपणही 'नामांतराची दंगल'च म्हणत आलो. ज्या घटनेत घरे एकाच आळीची जळतात, तिला दंगल म्हटले की आरोपीचे अर्धे काम झालेच.

आता जाब विचारण्याची गोष्ट. न्यू ऑर्लिन्समध्ये संघराज्य सरकारचा वकील जेम्स बेकविथ याने प्रकरण हाती घेतले. खून हा राज्याच्या अखत्यारीतला गुन्हा. आणि ग्रँट पॅरिशमध्ये खुनाचा खटला चालवायचा म्हणजे मारेकऱ्यांच्या सोयऱ्यांपुढे चालवायचा. म्हणून बेकविथने मे १८७० च्या अंमलबजावणी कायद्याचा आधार घेतला. घटनेने दिलेले हक्क नागरिकाला बजावू न देण्यासाठी दोन किंवा अधिक माणसांनी कट करणे हा या कायद्याने संघराज्याचा गुन्हा ठरवला होता. ९७ जणांवर दोषारोप ठेवण्यात आला. पकडून आणता आले ते नऊ! खुद्द नॅश निसटला. बाकीचे आपापल्या गावी, आपापल्या घरी होते; त्यांना पकडायला फौज हवी होती, आणि सरकारचा खजिना व उत्साह दोन्ही आटत चालले होते.

साक्षीला उभे राहिले ते काळे स्त्रीपुरुष. लेव्ही नेल्सन हा त्या रात्री बाहेर नेलेल्यांपैकी एक. गोळी लागूनही तो जगला, सरपटत निसटला आणि न्यायालयात येऊन त्याने माणसे ओळखली. साक्ष देऊन परत त्याच पॅरिशमध्ये जायचे होते. आपल्याकडच्या खेड्यात अत्याचाराची फिर्याद दिलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. १८७४ च्या पहिल्या खटल्यात एक जण सुटला आणि उरलेल्या आठांविषयी ज्यूरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या खटल्यात पाच सुटले आणि तिघे दोषी ठरले: क्रूकशँक, अर्विन आणि हॅडनॉट. तेही खुनासाठी नव्हे, कटासाठी. ९७ मधून ३. आणि हे तीनही टिकायचे नव्हते.

या तिघांच्या पाठीशी कोण होते ते पाहा. सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला रेव्हर्डी जॉन्सन उभा राहिला. हा देशाचा माजी महान्यायवादी. दुसरा वकील डेव्हिड डडली फील्ड. याचा सख्खा भाऊ स्टीफन फील्ड त्याच सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती. तिसरा न्यू ऑर्लिन्सचा आर. एच. मार. हा मार सप्टेंबर १८७४ मध्ये, म्हणजे हे प्रकरण प्रलंबित असतानाच, न्यू ऑर्लिन्सच्या कॅनॉल स्ट्रीटवर जमलेल्या सभेचा म्होरक्या होता. त्या सभेतून 'व्हाइट लीग'चे हजारो हत्यारबंद लोक उठले, त्यांनी पोलीस व मिलिशियाचा पराभव केला आणि निवडून आलेले राज्य सरकार तीन दिवस उलथून टाकले. त्या उठावाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही, आणि मार पुढे लुईझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला. कोलफॅक्सच्या तबेल्याला आग लावणारा बहुधा एखादा लहान शेतकरी असेल. त्याला सोडवणारी माणसे ही अशी होती. बंदूक चालवणारा आणि कलम चालवणारा यांच्यात ओळखदेखील नसते पुष्कळदा. ती असावीच लागते असेही नाही.

न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली फिरतीवर न्यू ऑर्लिन्सला येऊन दुसऱ्या खटल्यात बसले होते. २७ जून १८७४ रोजी त्यांनी दोषारोपपत्रच सदोष असल्याचा निर्णय दिला. सोबतचे न्यायाधीश वुड्स यांचे मत वेगळे पडले, म्हणून प्रकरण वॉशिंग्टनला गेले. मधल्या काळात आरोपी मोकळे झाले. ऑगस्टच्या अखेरीस त्याच रेड नदीवरच्या कुशाटा गावी रिपब्लिकन अधिकाऱ्यांना आणि काही काळ्यांना व्हाइट लीगने ठार केले. त्यापाठोपाठ न्यू ऑर्लिन्सचा तो उठाव. जानेवारी १८७५ मध्ये अध्यक्ष ग्रँटने सिनेटला संदेश पाठवून कबूल केले की, सुधारणेचा आणि ख्रिस्ती धर्माचा डांगोरा पिटणाऱ्या या देशात कोलफॅक्सच्या गुन्हेगारांना शासन करण्याचा मार्ग सापडत नाही. देशाच्या सरसेनापतीने हे म्हणावे!

२७ मार्च १८७६ रोजी सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांनी निकाल दिला. तो वाचताना कत्तल कोठे आहे हे शोधावे लागते. तीत फक्त कलमांची चर्चा आहे. चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, एका नागरिकाने दुसऱ्यावर केलेल्या अत्याचाराला ती लागू होत नाही. सभा भरवण्याचा हक्क केवळ संघराज्याच्या संसदेविरुद्ध आहे, खाजगी माणसांविरुद्ध नाही. जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे काम. त्यासाठी राज्याकडे जा. आणि राज्य कोणाच्या हातात जाऊ घातले होते? ज्यांनी मारले त्यांच्याच. शिवाय आणखी एक गोष्ट: ही माणसे काळी होती म्हणून त्यांना मतदानापासून रोखण्याचा हेतू होता, असे दोषारोपपत्रात स्पष्टपणे लिहिलेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. साठ-सत्तर काळी माणसे मेली, मारणारे सर्व गोरे, तंटा कोणाचे मत चालणार याचा; तरी वर्णाचा हेतू कागदावर नाही म्हणून तो नाही.

हा युक्तिवाद आपल्या कानांना परका नाही. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांना गावच्या जमावाने ठार मारले. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशीही सुनावली. मात्र अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा येथे लागू होत नाही, असे ठरवले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली आणि जातीचा हेतू नाकारला. हे सूडाचे प्रकरण मानले गेले. जणू काही सूडाला जात नसते! मूळ १९८९ च्या कायद्यातील गंभीर गुन्ह्यांच्या कलमात, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा झाला, हे सिद्ध करावे लागे. २०१५ च्या दुरुस्तीने ती शब्दरचना बदलली; ती व्यक्ती त्या जातीची आहे हे 'माहीत असून' गुन्हा केला, एवढे आता पुरते. दोन शब्दांचा फरक. पण १८७६ मध्ये वेट यांनी जी फट ठेवली होती ती हीच, आणि ती बुजवायला आपल्याकडे एवढी वर्षे व एवढी प्रेते लागली.

यावर एखादा विद्यार्थी म्हणेल की, सर, मग कायद्याने काहीच होत नाही असेच ना? तसे नाही, आणि त्याचा पुरावा कोलफॅक्सच्या दोनच वर्षे आधीचा, दक्षिण कॅरोलायनाचा आहे. तेथील यॉर्क परगण्यात मार्च १८७१ मध्ये काळ्या मिलिशियाचा कप्तान जिम विल्यम्स याला क्लॅनने घरातून ओढून नेऊन फाशी दिले. टोळीचा पुढारी गावचा प्रतिष्ठित डॉक्टर रूफस ब्रॅटन. एप्रिलमध्ये संसदेने क्लॅनविरोधी कायदा केला. ऑक्टोबरमध्ये ग्रँटने नऊ परगण्यांत हेबियस कॉर्पस स्थगित केले. मेजर लुइस मेरिल हा फौजेचा अधिकारी महिनोन्‌महिने यॉर्कमध्ये बसून काळ्या लोकांच्या फिर्यादी लिहून घेत होता. कोणाच्या घरी बैठका, कोणाचे घोडे, कोणाच्या बंदुका, सर्व त्याच्या वहीत होते. शेकडो पकडले गेले, शेकडो आपण होऊन शरण आले आणि एकमेकांची नावे सांगू लागले. कोलंबिया शहरातील खटल्यात ज्यूरीवर बहुसंख्य काळी माणसे बसली. तेथेही आरोपींच्या बचावाला रेव्हर्डी जॉन्सन धावून गेलाच होता, तरी शिक्षा झाल्या. क्लॅन ही संघटना म्हणून तेथे मोडली. महान्यायवादी एमॉस एकरमन हा स्वतः दक्षिणेकडून लढलेला माणूस, पण त्याने हे काम निष्ठेने रेटले.

म्हणजे वही, फौज, स्थानिक दबावाबाहेरचे न्यायालय आणि ज्यूरीवर पीडितांची माणसे, इतके एकत्र आले की कणा मोडतो. हे फार दिवस एकत्र राहू दिले गेले नाही, ही गोष्ट वेगळी. १८७१ सरता सरता एकरमनला पद सोडावे लागले. १८७३ मध्ये ग्रँटने क्लॅनवाल्यांना माफ्या देण्यास सुरुवात केली. चौदाव्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने घटनेची शपथ घेऊन नंतर बंड करणाऱ्यांना अधिकारपदाची बंदी घातली होती. मे १८७२ च्या माफी कायद्याने त्यातले बहुतेक सर्व मोकळे झाले, आणि बंडखोर राज्यसंघाचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स १८७३ मध्ये संसदेत परत येऊन बसला. डॉ. ब्रॅटन कॅनडात पळाला होता. तोही पुढे परतला आणि यॉर्कमध्ये वैद्यकी करू लागला. सलोखा झाला. दोन गोऱ्यांमध्ये. १८७७ साली दक्षिणेतले फौजेचे संरक्षण निघाले. १८९६ साली लुईझियानाच्या यादीत सुमारे १,३०,००० काळे मतदार होते. १८९८ च्या नव्या राज्यघटनेनंतर, १९०० साली उरले सुमारे ५,०००. मताचा हक्क घटनेत मात्र तसाच होता.

इतिहास लिहिणाऱ्यांनीही आपला हातभार लावला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग या प्राध्यापकाने शिष्यांची एक परंपराच उभी केली. काळ्यांना मत देणे ही घोडचूक होती, त्या काळातली सरकारे भ्रष्ट होती आणि गोऱ्यांनी जे केले ते अटळ होते, असा इतिहास या मंडळींनी पदव्यांच्या जोरावर प्रमाण करून टाकला. बाबासाहेब त्याच कोलंबियात १९१३ ते १९१६ शिकत होते. तेथे प्राध्यापक सेलिग्मन आणि ड्यूई होते तसे डनिंगही होते, हे विसरून चालणार नाही. विद्यापीठ एकच, पण ज्ञान कोणाच्या बाजूने उभे राहील हे विद्यापीठ ठरवीत नाही. डनिंगच्या इतिहासाला सविस्तर उत्तर दिले ते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी, १९३५ मध्ये, 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' लिहून. याच डू बॉइसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून अमेरिकेतील काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे होणाऱ्या अर्जाची चौकशी केली होती.

डू बॉइसना उत्तर देता आले याचे एक कारण असे की, १८७१-७२ मध्ये संसदेच्या समितीने क्लॅनच्या अत्याचारांच्या साक्षी घेऊन तेरा खंडांत छापल्या होत्या. अक्षरओळख नसलेल्या शेकडो स्त्रीपुरुषांचे शब्द त्यांत आहेत. शिक्षा झाल्या नाहीत तेथेही साक्ष उरली.

क्रूकशँक प्रकरणात निकामी झालेले १८७० चे ते कलम पुसले गेले नाही. ते आज संघराज्याच्या दंडसंहितेत २४१ वे कलम म्हणून आहे. १९६४ मध्ये मिसिसिपीत तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून झाला, आणि मारेकऱ्यांत खुद्द डेप्युटी शेरीफ होता. राज्य खुनाचा खटला भरीना, तेव्हा याच कलमाखाली १९६७ साली सात जण दोषी ठरले. ६ जानेवारी २०२१ रोजी डोनाल्ड ट्रम्पच्या समर्थकांनी निवडणुकीचा निकाल थोपवण्यासाठी वॉशिंग्टनच्या संसदभवनावर हल्ला केला. ऑगस्ट २०२३ मध्ये ट्रम्पवर जे चार आरोप ठेवले गेले त्यांतला एक याच २४१ व्या कलमाचा होता. चौदाव्या दुरुस्तीचे तिसरे कलमही दीड शतकानंतर बाहेर काढले गेले. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अध्यक्षपदाच्या उमेदवाराला ते लावण्याचा अधिकार राज्यांना नाही. १८७६ मध्ये पीडितांना सांगितले होते, केंद्राकडे नव्हे, राज्याकडे जा. आता सांगितले, राज्याने करायचे नाही, संसदेने करावे. दार बदलते, बंद असण्याची रीत तीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प निवडून आल्यावर त्याच्यावरील खटला काढून घेण्यात आला. हल्ल्याच्या आरोपींपैकी पुष्कळांना मात्र शिक्षा झाल्या होत्या, काहींना राजद्रोहाच्या कटासाठी वीस वर्षांच्या आगेमागे. २० जानेवारी २०२५ रोजी, पद घेतल्याच्या पहिल्याच दिवशी, ट्रम्पने सुमारे दीड हजार जणांना माफी दिली आणि १४ जणांच्या शिक्षा कमी केल्या.

कोलफॅक्सच्या स्मशानात १९२१ मध्ये एक उंच दगडी स्तंभ उभारला गेला. मेलेल्या तीन गोऱ्यांची नावे त्यावर कोरून, ते गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढता लढता पडलेले वीर आहेत असे लिहिले गेले. कचेरीपाशी पुढे सरकारी पाटी लागली: येथे दंगल झाली, तीन गोरे आणि दीडशे निग्रो मेले, आणि त्यामुळे दक्षिणेतील परक्यांच्या गैरकारभाराचा शेवट झाला, अशा आशयाची. ती पाटी मे २०२१ मध्ये निघाली. एप्रिल २०२३ मध्ये, दीडशे वर्षे भरली त्या दिवशी, काळ्या ग्रॅनाइटचे नवे स्मारक उभे राहिले. त्यासाठी पुढाकार घेणाऱ्या दोघांपैकी एक जेसी मॅक्किनीचा वंशज आहे आणि दुसरा हल्लेखोरांपैकी एकाचा. त्या दगडावर मारल्या गेलेल्या ५७ जणांची नावे आहेत. बाकीच्यांची मिळालेली नाहीत.